नाटक सोडल्याचा तो कागद आधी परत द्या

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा पुण्यात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ७८ टक्के आहेत. कॉलेजच्या एकांकिका तोच लिहितो. वडिलांना त्याला क्वांट करायचंय, म्हणजे बँका आणि ट्रेडिंग कंपन्यांसाठी गणिती मॉडेलं बनवणारा. म्हणून त्याला शेअर मार्केटच्या क्लासला घातलंय आणि ‘नोकरी लागेपर्यंत नाटकाला हात लावणार नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेतलंय, सही-तारखेसकट. ते विचारतात, ‘डॉ. लागूसुद्धा आधी डॉक्टर झाले, मग नाटकात गेले. माझं काय चुकलं?’

नमस्कार.

मार्क चांगले आहेत, त्यांची चिंता सोडा. मी अडकलो तो त्या कागदापाशी. तुम्ही लिहिता, ‘त्याने एका शब्दानेही विरोध केला नाही.’ तुम्हाला हा होकार वाटला, मला त्याचीच काळजी वाटते. पाच-पाच पात्रांच्या तोंडी भांडणं लिहिणारा मुलगा वडिलांसमोर मुकाट्याने सही करतो आणि दिवाळीपासून आठवड्यातून एकदाच घरी फोन करतो. ‘अभ्यासात असेल’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला तसं वाटत नाही. तुमच्या दोन पानी पत्रात त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही, त्याला क्वांट व्हायचंय की नाही हेसुद्धा कुठे नाही. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडून घरात असं लिहून घेणं मला अजिबात पटलेलं नाही.

आणि डॉ. लागूंचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. डॉ. श्रीराम लागू पूर्णवेळ नट झाले १९६९ साली, हे खरं. पण पुण्यात वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच ते नाटकात काम करत होते आणि पुढे भालबा केळकरांबरोबर ‘पीडीए’ या नाट्यसंस्थेच्या उभारणीत होते. कान-नाक-घशाचे सर्जन झाले तेही नाटक चालू ठेवूनच. मधली पंधरा-वीस वर्षं त्यांना कुणी नाटक बंद करायला लावलं असतं, तर १९६९ साली ते कशाच्या जोरावर नोकरी-व्यवसाय सोडणार होते?

आता शेअर मार्केटचा क्लास. भावांच्या चढउताराचे कँडलस्टिक चार्ट बघून ‘इथे घ्या, इथे विका’ शिकवतात, त्याचा क्वांटच्या कामाशी फारसा संबंध नाही. समजा, कुणी खरेदी-विक्रीचे शंभर नियम गेल्या दहा वर्षांच्या भावांवर चालवून पाहिले. त्यातले चार-पाच निव्वळ योगायोगाने भरघोस फायद्यात दिसणारच. क्लासवाला तेवढेच फळ्यावर दाखवतो. क्वांट विचारतो, उरलेले पंच्याण्णव कुठे गेले, आणि हे पाच नव्या भावांवर टिकतात का? त्यासाठी प्रोबॅबिलिटी, लिनियर अल्जेब्रा आणि पायथन, सी प्लस प्लससारख्या प्रोग्रामिंगच्या भाषा लागतात. म्हणजे तुमचा मुलगा ज्या विषयाची पदवी घेतोय, तोच खरा रस्ता आहे. क्लास बंद करा, उरलेली फी मिळाली तर मागून घ्या. कोटीच्या पॅकेजच्या बातम्यांवरही जाऊ नका. त्या मोजक्या ट्रेडिंग कंपन्यांच्या मोजक्या जागा असतात. बहुतेकांची सुरुवात बँकेच्या रिस्क किंवा मॉडेल तपासणीच्या टीममध्ये होते.

पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशाचं सांगायचं तर फेब्रुवारीत ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी, नाहीतर कोलकात्याचं आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) किंवा चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट). पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची धावपळ ऑगस्ट-सप्टेंबरात आटोपते, त्यामुळे तिसऱ्या वर्षी एकांकिका लिहून ‘जॅम’ देणं त्याला जमण्यासारखं आहे.

नोकरीत मात्र ओढाताण होईल, ते लपवत नाही. मुंबईतल्या परदेशी बँकांच्या टीमला बऱ्याचदा लंडनच्या वेळा सांभाळाव्या लागतात. आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडची भर दुपार, आणि तालमी सुरू होतात त्याच वेळेला. अभिनय करायचा तर दहा जणांच्या संध्याकाळी जुळाव्या लागतात, पहिली काही वर्षं ते कठीणच. लिहिण्याचं तसं नाही, ते पहाटे होतं, रविवारी होतं. तुमचा मुलगा लिहिणारा आहे, हे त्याच्या पथ्यावर पडेल. फक्त करारावर सही करण्याआधी बाहेरच्या कामाबद्दलचं कलम नीट वाचायला सांगा. मानधन घेऊन लिहायचं तर बँकेची आगाऊ परवानगी लागू शकते.

पण हे सगळं त्याला क्वांट व्हायचं असेल तर. या आठवड्यात पुण्याला जा, तो कागद त्याच्या हातात द्या आणि त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, मध्येच पगाराचे आकडे सांगू नका. तो ‘नाही’ म्हणाला तरी स्टॅटिस्टिक्स वाया जात नाही. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, विमा कंपन्यांतलं ॲक्चुअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशोब मांडण्याचं काम आहे, औषधांच्या चाचण्यांचं विश्लेषण आहे. यातलं काय त्याला जमेल हे मी सांगेन, पण ते पत्र त्याने स्वतः लिहायला हवं, आणि पाठवण्याआधी तुम्ही वाचायचं नाही.