अल्टिमीटरचा (विमानातल्या उंची दाखवणाऱ्या यंत्राचा) नॉब फिरवला की उंची बदलते, पण विमान तर जागेवरच असतं! मग हे नक्की चाललंय काय?

तुम्ही लिहिलंय की ग्राउंड स्कूल (पायलट प्रशिक्षणाचे जमिनीवरचे वर्ग) सुरू झालंय, क्यूएनएच, क्यूएफई, फ्लाइट लेव्हल सगळं पाठ आहे पण डोक्यात बसत नाहीये, आणि नॉब फिरवून उंची बदलणं ही तर चक्क फसवणूक वाटते. वाटणारच, कारण बहुतेक ठिकाणी व्याख्या आधी शिकवतात आणि ते यंत्र आतून काय करतं हे नंतर, किंवा शिकवतच नाहीत.

अल्टिमीटरला उंची कळत नाही हो. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. विमानाच्या अंगावर स्टॅटिक पोर्ट नावाची बारीक भोकं असतात, तिथून बाहेरचा दाब नळीने अल्टिमीटरच्या डबीत येतो. डबीच्या आत पातळ पत्र्याची एक बंद कॅप्सूल असते. तुम्ही वर गेलात की डबीतला दाब कमी होतो, कॅप्सूल फुगते (घाट चढताना हवाबंद पाकीट फुगतं ना, तसंच) आणि ते फुगणं गिअरमधून काट्यापर्यंत जातं. बस, एवढंच यंत्र आहे. दाबावरून फूट किती हे डायलवर आधीच ठरवून छापलेलं असतं, एका आदर्श हवामानाच्या हिशोबाने, म्हणजे समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक), १५ डिग्री, आणि दर १००० फुटांना साधारण २ डिग्री कमी.

आता खरी हवा रोज अशी शहाण्यासारखी वागत नाही. आज दाब १०२०, उद्या ९९८. म्हणून नॉब दिलाय. नॉबने तुम्ही यंत्राला सांगताय की बाबा, शून्य कुठल्या दाबाला धरायचं. क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबाने काढलेला तिथला दाब) लावला तर मोजणी समुद्रसपाटीपासून, त्यामुळे जमिनीवर उभं असताना काटा एअरफील्डचं एलिव्हेशन, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, दाखवतो. क्यूएफई (एअरफील्डवरचा दाब) लावला तर तिथेच शून्य. विमान हललं नाही, मोजपट्टीची सुरुवात हलली. आणि म्हणूनच टॅक्सीच्या आधी क्यूएनएच लावून काटा एलिव्हेशनशी जुळतो का ते बघतात. ७५ फुटांपेक्षा जास्त फरक असेल तर आयएफआर (फक्त यंत्रांच्या भरवशावर उडणं) जाऊ नका असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात, पण मी म्हणेन व्हीएफआरलासुद्धा (बाहेर बघून उडताना) आधी चौकशी करा.

एक आकडा मात्र पाठ कराच, खालच्या उंचीला १ हेक्टोपास्कल म्हणजे अंदाजे २७ ते ३० फूट. समजा सबस्केलवर (नॉबने लावलेला दाब दाखवणाऱ्या खिडकीत) १०१३ आहे आणि तुम्ही ज्या भागात आलात तिथला क्यूएनएच १००३. काटा २००० दाखवतोय आणि तुम्ही खरे आहात १७०० च्या आसपास. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना सेटिंग बदललं नाही तर तुम्ही समजता त्यापेक्षा खाली असता, हे सूत्र म्हणून पाठ करण्यापेक्षा दोन-चार वेळा कागदावर आकडे मांडून बघा, परत विसरणार नाही.

मग वर गेल्यावर सगळे १०१३ का लावतात? कारण तिथे डोंगर लागणार नसतो, लागली तर दुसरी विमानं लागतील. एक विमान एका क्यूएनएचवर आणि दुसरं दुसऱ्याच क्यूएनएचवर असं चालणार नाही, सगळ्यांची मोजपट्टी एकच हवी, मग ती चुकीची असली तरी सगळ्यांची सारखीच चुकते! ट्रान्झिशन अल्टिट्यूड नावाच्या ठरलेल्या उंचीच्या वर हे करायचं (१०१३ वर मोजलेल्या उंचीलाच फ्लाइट लेव्हल म्हणतात), अमेरिका-कॅनडात ते १८,००० फूट आहे, बाकी ठिकाणी वेगवेगळं, चार्टवर छापलेलं असतं. खाली उतरताना परत क्यूएनएच लावायला विसरणं हा जुना सापळा आहे, क्यूएनएच ९९० असेल तर ६०० फुटांच्या वर फरक पडतो, आणि ढगातून अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) चालू असेल तर ६०० फूट म्हणजे खूप.

थंडीबद्दल थोडक्यात, हवा स्टँडर्डपेक्षा १० डिग्री थंड असेल तर खरी उंची दाखवलेल्यापेक्षा साधारण ४ टक्के कमी असते, आणि हे नॉबने दुरुस्त होत नाही. डोंगराळ भागात याचा हिशोब वेगळा करावा लागतो.

आता एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत संपवतात. ट्रान्सपॉन्डर (विमानातलं माहिती पाठवणारं यंत्र) एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, जी उंची पाठवतो ती तुमच्या नॉबवर अवलंबून नसते, ती कायम १०१३ वर असते, क्यूएनएचचा हिशोब एटीसीची सिस्टीम करते. म्हणजे तुम्ही नॉब चुकवलात तर एटीसीच्या ते लक्षात येऊ शकतं. पण दाब जिथून येतो तेच भोक बंद असेल तर? २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूची फ्लाइट ६०३, बोइंग ७५७, रात्री लिमाहून निघाली. विमान साफ करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायचीच राहिली होती. उंची, स्पीड सगळं वेड्यासारखं दाखवायला लागलं, खाली काळा समुद्र, काहीच दिसत नाही. पायलटांनी एटीसीला उंची विचारली आणि एटीसीने स्क्रीनवर बघून ९,७०० फूट सांगितली. तो आकडा त्याच विमानाच्या त्याच बिघडलेल्या सिस्टीममधून आलेला होता. विमान प्रत्यक्षात पाण्याला टेकायला आलं होतं. ७० च्या ७० जण गेले.

त्यामुळे वॉकअराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासताना) स्टॅटिक पोर्टजवळ वाकून बघायचं, लांबून नाही. टेप, मेण, माती, किडा काहीही असू शकतं. फुंकर मात्र मारू नका, आतली इन्स्ट्रुमेंट नाजूक असतात, काही अडकलेलं दिसलं तर इंजिनिअरला बोलवा.