आईचा खुबा मोडला, आता माझाही मोडणार का?

चाळिशीच्या आसपासच्या बायका हाडांबद्दल विचारायला येतात, तेव्हा बहुतेकींच्या घरात नुकतंच कुणीतरी पडलेलं असतं. आई, नाहीतर सासू. सुनंदाताईंचंही (नाव बदललं आहे) तसंच होतं. वय ४१, सहकारी बँकेत नोकरी, पाळी नियमित. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलायचं ऑपरेशन झालं. त्या धावपळीतच सोसायटीत मोफत तपासणी शिबिर लागलं. यंत्रात टाच ठेवली, कागद बाहेर आला: ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडांची घनता कमी.

त्या दिवसापासून ताईंनी बादली उचलणं सोडलं. गव्हाचा डबा नवरा काढून देऊ लागला, जिन्याऐवजी लिफ्ट आली, मंगळागौरीला फुगडी घालायलाही त्यांनी नकार दिला. "मॅडम, हाडं आधीच पोकळ झालीत, त्यांच्यावर आणखी जोर कशाला? चालायला मात्र रोज तासभर जाते."

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या रिपोर्टाची नव्हे, या जपण्याची. हाड जिवंत असतं. त्यातल्या पेशींना भार पडल्याचं कळतं आणि त्याप्रमाणे जुनं हाड काढून नवं भरण्याचं काम चालतं. भार कमी झाला की भरणं मागे पडतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड वजनरहित अवस्थेत महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घटतं, तेही उत्तम खाऊनपिऊन. सुनंदाताई हाडं वाचवायला म्हणून नेमकं उलटं करत होत्या.

रिपोर्टाचं आधी निस्तरलं. टाचेच्या यंत्रावरून फक्त अंदाज येतो, निदान होत नाही. त्यासाठी खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची डेक्सा तपासणी, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजणं, लागते, आणि पाळी चालू असलेल्या बाईची तुलना तिच्याच वयाच्या बायकांशी करायची असते. त्याला झेड-स्कोअर म्हणतात. तो उणे २ किंवा त्याखाली गेला तरच हाड वयाच्या मानाने कमी समजतात. ताईंचा त्याच्या बराच वर होता. पण आईचा खुबा मोडला असेल तर मुलीला धोका थोडा जास्त असतो, हेही मी लपवलं नाही. थायरॉइड, स्टेरॉइडच्या गोळ्या, आधीची ऑपरेशनं, सगळं विचारलं. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढलेल्या तिशी-पस्तिशीतल्या बायका मला भेटतात. त्यांची हाडांची झीज त्या ऑपरेशनपासूनच वेगाने सुरू होते आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचा मला फार त्रास होतो.

"मग चालते ते पुरत नाही का?" चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं आहे, ते सोडू नका म्हटलं. पण खुब्याला तो भार रोजचाच आहे, त्याने नवं हाड फारसं घातलं जात नाही. पोहणं आणि सायकल यांचंही तेच. घरकामात दिवसभर पाय मोडतात खरे, पण हाडाला हवा असतो तो थोडा वेळ, नेहमीपेक्षा जास्त, असा झटका. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बायकांनी आठवड्यातले सहा दिवस ५० उड्या मारल्या. उडीची उंची जेमतेम ८-९ सेंटिमीटर. पाच महिन्यांत पाळी चालू असलेल्या बायकांच्या खुब्याची घनता सुमारे २.८ टक्के वाढली. पाळी गेलेल्यांमध्ये त्याच उड्यांचा असा परिणाम दिसला नाही. वजन उचलण्याच्या व्यायामाचा उपयोग पुढेही होतो, पण उड्यांचा हा फायदा घ्यायचा तर आत्ताच.

हे ऐकून ताई गप्प झाल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "उडी मारली की लघवीचा थेंब निसटतो हो. दोन बाळंतपणं झालीत." हे मी वारंवार ऐकते. बायका व्यायाम सोडतात तो आळसाने नाही, या लाजेने. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळायचे-सोडायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतले की बहुतेकींना फरक पडतो. ताईंनी आधी तेच केलं. सोबत खुर्चीचा आधार घेऊन उठाबशा, आणि टाचा वर उचलून धपकन टेकवणं. लिफ्ट सोडून जिना. थेंब थांबल्यावर उड्या: दोन्ही पायांवर, गुडघे किंचित वाकवून, सकाळी दहा, संध्याकाळी दहा, मध्ये थोडं थांबून. एका दमात शंभर मारण्यात अर्थ नाही, थोड्या उड्यांनंतर हाड त्या झटक्याला प्रतिसाद देईनासं होतं. मनगट आणि मणक्यांसाठी उड्या पुरत नाहीत, म्हणून भिंतीला टेकून जोर आणि आठवड्यातून दोनदा वजनं. बादली पुन्हा त्यांच्याच हातात आली.

गुडघे किंवा कंबर दुखत असेल, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर उड्या डॉक्टरांना विचारूनच.

खाण्याचं थोडक्यात: दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० असतं, बाकी दूध-दही, तीळ. ड जीवनसत्त्व तपासून कमी निघालं तरच डॉक्टरांनी सांगितलेला डोस.

जाता जाता त्यांनी विचारलं, मुलगी तेरा वर्षांची आहे, पाळी आल्यापासून आजी तिला दोरीवरच्या उड्या मारू देत नाही, ते बरोबर का? अजिबात नाही. वयात येतानाच्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडांपैकी जवळजवळ पाव भाग तयार होतो. पाळीच्या दिवसांतही, तिला त्रास होत नसेल तर, उड्या मारायला काहीच हरकत नाही. आजींना पुढच्या वेळी सोबत घेऊन या, मी बोलते, असं मी त्यांना सांगितलं.