खाडा की हक्काची सुट्टी?

घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या, पगार आणि कामाची हद्द याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. शेवटचं पत्र एका मावशींचंच आहे.

आम्ही दोघंही नोकरी करतो. अकरा महिन्यांच्या मुलीला सांभाळायला मावशी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा येतात. रविवारी सुट्टी, पगार 18,000. गेल्या महिन्यात चार खाडे झाले, त्यातले दोन न सांगता. पैसे कापावेत का, आणि किती? सासूबाई म्हणतात, एकदा सवलत दिली की तीच सवय होते. — कोथरूड, पुणे

आधी आकडा पाहू. महिन्याचा पगार रविवार सोडून साधारण 26 दिवसांच्या कामाचा असतो, म्हणून एका दिवसाचा पगार काढताना 18,000 ला 30 ने नाही, 26 ने भागायचं. 692 रुपये होतात. कापायचे असतील तर याच दराने कापा आणि कधी रविवारी बोलावलंत तर निदान याच दराने द्या, खरं तर दुपटीने द्यायला हवेत. कित्येक घरांत कापताना 26 आणि देताना 30 धरतात. फरक 92 रुपयांचा असतो, पण मावशींच्या तो लगेच लक्षात येतो आणि पुढच्या प्रत्येक हिशेबावरचा विश्वास उडतो.

पण कापण्याआधी एक प्रश्न: कामावर ठेवताना सुट्ट्या ठरल्या होत्या का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. ठरल्याच नसतील तर गेल्या महिन्याचे पैसे कापू नका. नियम पुढच्या महिन्यापासून लावा, तोही समोरासमोर बसून, मराठीत एका कागदावर लिहून आणि त्याची एक प्रत मावशींना देऊन.

आम्ही सुचवतो तो हिशेब असा: रविवार सोडून वर्षाला 12 किरकोळ रजा, 6 आजारपणाच्या आणि 8 सणाच्या, सगळ्या भरपगारी. सणाचे आठ दिवस म्हणजे गौरी-गणपतीचे दोन, दसरा, दिवाळीचे तीन आणि गावच्या जत्रेचे दोन. मावशींच्या घरचे सण वेगळे असतील तर ईद, नाताळ किंवा 14 एप्रिल त्यात बसवा. ते त्यांनी ठरवायचं. एकूण 26 दिवस झाले, म्हणजे कामाचा बरोबर एक महिना. त्या दिवसांत बदली बाई लावावी लागली तर वर्षाला एक पगार जास्तीचा जाईल. तेवढ्यासाठी महिन्याला 1,500 बाजूला ठेवा. दिवाळीला एक पगार बोनस हा आपल्याकडचा रिवाज आहे, तो वेगळा.

आता न सांगता झालेल्या दोन खाड्यांबद्दल. सांगून घेतलेल्या सुट्टीचेही पैसे कापले जाणार आणि न सांगता घेतलेल्याचेही तेवढेच, असं असेल तर सांगण्यात मावशींचा काहीच फायदा नाही. उलट सांगितलं की चार प्रश्न ऐकावे लागतात. म्हणून फरक करा. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर किरकोळ रजेतून भरपगारी. सकाळी सातपर्यंत आजारपणाचा फोन आला तर तीही भरपगारी. काहीच न कळवता गैरहजर राहिल्या तरच 692 कापायचे. वर्षअखेरीस उरलेल्या किरकोळ रजांचे पैसे दिवाळीला द्या. पाच उरल्या तर 3,461 रुपये. सासूबाईंची जी शंका आहे, तिला हाच उपाय आहे. सुट्टी न घेतल्याचा मोबदला मिळतो म्हटल्यावर गरज नसताना सुट्टी कोण घेईल?

आजारपणाच्या रजेचे पैसे मात्र कधीही कापू नका. कारण तुमच्याच बाळाचं आहे. पैसे कापले जाणार असतील तर ताप असला, डोळे आले असले तरी मावशी गोळी घेऊन कामावर येतील आणि अकरा महिन्यांचं मूल दिवसभर त्यांच्या कडेवर असेल. दोन दिवसांच्या तापाला डॉक्टरची चिठ्ठीही मागू नका. तिसऱ्या दिवसापासून मागायला हरकत नाही, पण तपासणीची फी तुम्ही द्या.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट आम्हाला जास्त खटकली. साडेआठ ते साडेसहा म्हणजे दहा तास, आठवड्याला 60. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने 48 तासांची मर्यादा आहे. रेशन, बँक, आधार केंद्र, मुलांच्या शाळेतली पालकसभा ही कामं बहुतेक वेळा आठवड्याच्या मधल्या दिवशीच करावी लागतात. चारपैकी निदान दोन खाडे अशाच एखाद्या कामाचे असण्याची शक्यता आहे. महिन्यातून एकदा मधल्या वारी दुपारी एकनंतर सुट्टी द्या. तो अर्धा दिवस आधीच ठरलेला असला की तुम्हालाही घरून काम करायचं नियोजन जमतं.

आणि बदलीची सोय आजच करा. या वयाची मुलं अनोळखी माणसाकडे जात नाहीत, त्यामुळे ऐनवेळी आणलेली बदली बाई उपयोगी पडत नाही. आई किंवा बाबा घरी असताना तिला दोन-तीनदा दोन-दोन तास बोलवा, त्याचे पैसे द्या, मुलीला ओळख होऊ द्या. जवळच्या पाळणाघरात एका दिवसापुरतं मूल घेतात का, तेही आधी जाऊन विचारून ठेवा.

मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस कोकणात जाणार आहोत. मावशींना काहीच काम नसेल. तरी पूर्ण पगार द्यायचा? — नाशिक

हो, पूर्ण. त्या दिवसांत त्या दुसरीकडे काम धरू शकत नाहीत, कारण सोळाव्या दिवशी तुम्हाला त्या हव्याच आहेत. महिनाभर आधी तारखा सांगितल्यात तर त्यांच्या वर्षाच्या रजांपैकी चार-पाच त्याच काळात घ्याल का, असं विचारता येईल. आदल्या आठवड्यात सांगून सगळ्या रजा वळत्या करू नका. पगाराच्या बदल्यात माळे आवरायला बोलावणंही बरोबर नाही; ते काम ठरलेलंच नव्हतं.

एजन्सीमार्फत चोवीस तास राहणारी ताई ठेवली आहे. बाळ चार महिन्यांचं, रात्री तिच्याच शेजारी झोपतं. एजन्सीने महिन्याला दोन सुट्ट्या सांगितल्या आहेत. ती सारखी थकलेली दिसते, चिडतेही. दिवसा बाळ झोपतं तेव्हा तिला आराम मिळतोच की. — ठाणे

बाळ झोपलेलं असताना त्याच्या जवळ बसणं हा आराम नव्हे. कान तिकडेच असतो. बाळाची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घेतली, ताईला दार लावून झोपता आलं किंवा बाहेर जाऊन येता आलं, तरच ती विश्रांती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी केलेल्या 189 क्रमांकाच्या करारात हीच भूमिका आहे: आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती, आणि विश्रांतीच्या वेळेत घरात थांबण्याची सक्ती नाही. भारताने करार होताना बाजूने मत दिलं, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तो आपल्यावर बंधनकारक नाही. तरी घरात नियम करताना तोच समोर ठेवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. महिन्याला दोन सुट्ट्या म्हणजे तेरा-चौदा दिवस सलग काम. त्यात चार महिन्यांचं बाळ रात्री दोन-तीनदा उठणार. अशा थकव्यात बाळाला अंघोळ घालताना हात घसरतो, दूध पाजताना डोळा लागतो. हा धोका बाळाला आहे.

बदल असा करा. दुपारी एक ते तीन घरातलं मोठं माणूस बाळाकडे पाहील. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री बाळ आई-बाबांच्या खोलीत, म्हणजे त्या रात्री ताईला सलग सहा-सात तास झोप मिळेल. बाळ कुठेही झोपलं तरी वेगळ्या, सपाट अंथरुणावर, पाठीवर. थकलेल्या माणसाच्या कुशीत नको. आठवड्याची सुट्टी शनिवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत द्या. रविवारी संध्याकाळी परत बोलावलं तर दिवसाचा मधला तुकडाच हाती राहतो. गाव लांबचं असेल आणि दर आठवड्याला जाणं परवडत नसेल, तर महिन्याच्या चारपैकी दोन सुट्ट्या साठवून प्रवासाचा एक दिवस आपल्याकडून जोडून द्या. चारही साठवू नका, मधे विश्रांती लागतेच.

एजन्सीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कमिशन ताईच्या पगारातून कापलं जाणार नाही, पगार थेट तिच्या खात्यावर जाईल, आणि ती सोडून गेली तर बदली किती दिवसांत मिळेल. तिचं आधार कार्ड पाहून वय 18 पूर्ण असल्याची खात्री करा, झेरॉक्स घ्या आणि मूळ कार्ड लगेच परत द्या. ते कपाटात ठेवून घेण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे, ना एजन्सीला.

बाळ झोपल्यावर भांडी घासा, भाजी चिरा म्हटलं तर मावशी नाही म्हणतात. दोन तास मोबाइल बघत बसतात. — नागपूर

मावशींचं बरोबर आहे. बाळ सांभाळण्याच्या कामात बाळाची सगळी कामं येतात: त्याचे कपडे-दुपटी धुणं, बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळणं, पेज किंवा वरण-भात करणं, त्याची वाटी-चमचा घासणं, खेळणी पुसणं, झोपायची जागा आवरणं. घरची भांडी आणि स्वयंपाक हे वेगळं काम आहे आणि त्याचा पगार वेगळा ठरवायचा. मावशी तयार असतील तर पैसे वाढवून ते जरूर द्या, पण रांगतं मूल जागं असताना गॅसपाशी उभं राहायला लागेल असं काम कधीच नको.

मोबाइलबद्दल वेगळा नियम करा: बाळ जागं असताना फक्त घरचे फोन, झोपलेलं असताना हरकत नाही. कॅमेरा लावला असेल तर तो कुठे आहे ते पहिल्याच दिवशी सांगा. मावशी कपडे बदलतात किंवा पडतात, त्या जागी कॅमेरा नको.

फ्रिजवर एक कागद मात्र आजच चिकटवा. त्यावर दोघांचे नंबर, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नंबर, 108, डॉक्टरांचं नाव, बाळाचं वजन आणि ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचं ही सूचना लिहा. तापाचं औषध तुम्हाला फोन केल्याशिवाय द्यायचं नाही, हेही लिहा. मावशींना वाचता येत नसेल तर दोनदा समजावून सांगा आणि नंबर त्यांच्या फोनमध्ये फोटोसह साठवून द्या.

मी एका घरी सहा वर्षं बाळ सांभाळलं. पगार 16,000. मुलगा आता पूर्ण वेळ शाळेत जातो, म्हणून पुढच्या एक तारखेपासून येऊ नका म्हणाले. मी सुट्ट्या फारशा घेतल्या नाहीत. मला काही मिळेल का? — डोंबिवली

मावशी, घरकामाला ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम सुटताना नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा, कायदा लागू होत नाही, त्यामुळे ही रक्कम कायद्याने वसूल करता येणार नाही. पण मागता येईल, आणि मागावी. त्या कायद्यातला हिशेब वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा आहे. तुमच्या बाबतीत 16,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 6 म्हणजे 55,384 रुपये. हा हिशेब कागदावर लिहून न्या. निदान एक महिन्याचा नोटीस पगार, या वर्षीच्या न घेतलेल्या सुट्ट्या आणि मागच्या दिवाळीपासून झालेल्या महिन्यांचा बोनस तरी द्या, असं स्पष्ट सांगा. उचल घेतलेली असेल तर ती वजा होईल, तीही त्याच कागदावर दाखवा.

काम सुटण्याआधी दोन कागद घ्या, नंतर मिळणं अवघड जातं. पहिला, तुम्ही त्यांच्याकडे काम करता असं मालकांचं सहीचं पत्र. 2008 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची तिथे नोंदणी होते, आणि हे पत्र त्यासाठी लागतं. सोबत आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो न्या. दुसरा कागद अनुभवाचा. त्यात नुसतं 'चांगल्या आहेत' असं नको. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केलं, सुरुवातीला मूल किती महिन्यांचं होतं, रोज किती तास, काय काय करत होतात, आणि विचारपूस करायला मालकांचा नंबर, एवढं त्यात हवं. सहा वर्षं एकाच घरी काम केल्याचा असा कागद हातात असला तर पुढच्या घरी पगार तुम्ही सांगू शकता.

बँकेत गेलात की पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्जही भरून या. वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात आणि 2 लाखांचा अपघात विमा मिळतो. हप्ता कापला जातो तेव्हा खात्यात पैसे शिल्लक ठेवा, नाहीतर विमा बंद पडतो.