कादंबरीतले रुपये-आणे-पै : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या डार्सीचं उत्पन्न ‘वर्षाला दहा हजार पौंड’ आहे. आजचे किती रुपये झाले? (धरमपेठ)

उत्तर : महागाईच्या दराने गुणून आलेला आकडा मोठा दिसतो, पण त्यातून कादंबरी कळत नाही. तिथल्याच इतर आकड्यांशी ताडून बघा. डार्सीचा मित्र बिंग्ली, त्याला वडिलांकडून लाखभर पौंड आले आणि त्याचं उत्पन्न चार-पाच हजार सांगितलं जातं, म्हणजे शेकडा चार ते पाच. नायिका एलिझाबेथला आईच्या पश्चात मिळणार चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले हजार पौंड, म्हणजे वर्षाचे चाळीस. डार्सी तिच्या अडीचशे पट. कथेला लागतो तो हा आकडा.

मुद्दल काढायचंच असेल तर उत्पन्नाला दराने भागा. चार टक्क्यांनी अडीच लाख येतात. मात्र डार्सीचा पैसा जमिनीच्या खंडाचा आहे, तिजोरीत अडीच लाख रोकड पडलेली नाही. रोख्यांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. नेपोलियनच्या युद्धकाळात तीन टक्क्यांचा शंभराचा रोखा साठच्या आसपास उतरला होता. त्या भावाने घेणाऱ्याला साठावर तीन, म्हणजे शेकडा पाच सुटत. तेव्हा रोख्यावर छापलेला दर वाचून थांबू नका, खरेदीचा भावही बघा.

प्रश्न : जुन्या मराठी कादंबऱ्यांत ‘रुपयाला पैसा’ व्याजाने घर बुडतं. एक टक्क्याने कसं बुडेल? (महाल)

उत्तर : तो पैसा आजचा नव्हे. 1957 पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आणि व्याज दरमहा. चौसष्टात एक म्हणजे महिन्याला 1.5625 टक्के, वर्षाला 18.75. ‘रुपयाला आणा’ असेल तर वर्षाला 75 टक्के!

चारशे रुपयांचं खत, म्हणजे कर्जरोखा, घ्या. महिन्याचं व्याज चारशे पैसे, म्हणजे सहा रुपये चार आणे. वर्षाचे 75, तीन वर्षांचे 225. इथवर ठीक आहे, गोची पुढे होते. साध्या खतावर दावा लावायची मुदत तीन वर्षं. ती संपत आली की सावकार खत फिरवून घेतो. जुनं फाडून 625 चं नवं खत लिहितो. आता व्याज 625 वर. आणखी तीन वर्षांनी देणं 976 रुपये 9 आणे. खत फिरवलं नसतं तर सरळव्याजाने सहा वर्षांत 850 झाले असते. वर मनोती, म्हणजे कर्ज देतानाची सावकाराची कापणावळ, आगाऊ कापलेली असेल तर हातात चारशेही पडलेले नसतात.

दामदुपटीचा नियम आडवा का आला नाही, असं वाटेल. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, असा तो नियम. पण नव्या खतात जुनं व्याजच मुद्दल होतं आणि नियम 625 पासून मोजायला लागतो. म्हणून कादंबरीत ‘खत फिरवलं’ असं एकच वाक्य आलं तरी तिथे थांबून वाचावं. लेखक बहुधा ते समजावून सांगत नाही, कारण त्याच्या वाचकाला ते ठाऊक होतं.

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला खतामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्या जिल्ह्यांपुरता होता. नागपूर मध्य प्रांतात, त्यामुळे पुण्याकडच्या कथेतला कायदा इकडच्या कर्जदाराला लावू नका.

प्रश्न : नवरा वारल्यावर दीर सगळं घेतो आणि विधवेकडे फक्त दागिने उरतात. हे कायदेशीर होतं? (इतवारी)

उत्तर : एकत्र कुटुंब असेल आणि मुलगा नसेल तर होतं. हिस्सा हयात भाऊबंदांकडे जाई, विधवेला पोटगी. दागिने स्त्रीधन, ते तिचेच. 1937 च्या कायद्याने तिला नवऱ्याचा हिस्सा मिळू लागला, पण हयातीपुरता. पूर्ण मालकी 1956 नंतरची. पुस्तक कधी छापलं ते सोडा, कथा कोणत्या साली घडते ते आधी ठरवा.

त्या काळातलं एक कलम आजही कामाचं आहे. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम 6 खाली नवऱ्याने बायको-मुलांच्या लाभासाठी स्वतःचा आयुर्विमा उतरवला, तर ती रक्कम एरवी त्याला कर्ज देणाऱ्यांना जप्त करता येत नाही. त्यासाठीचा अर्ज पॉलिसी घेतानाच भरावा लागतो.

प्रश्न : 1935 च्या नागपूरवर कादंबरी लिहितो आहे. पैशाच्या बाबतीत कुठे चुकेन? (सीताबर्डी)

उत्तर : बहुतेक जण नाण्यात चुकतात. भोकाचा पैसा 1943 चा, तेव्हा तो पात्राच्या हातात देऊ नका. एक रुपयाची नोट 1926 मध्ये बंद झाली होती आणि 1940 ला परत आली, म्हणून सुटा रुपया चांदीचाच, तोळाभर वजनाचा. दुकानदार तो दगडावर वाजवून घेईल. सुट्यात चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची. वहीत रक्कम 12-8-0 अशी लिहा : रुपये, आणे, पै. पैच्या घरात 11 च्या वर आकडा येत नाही, कारण बारा पै झाल्या की आणा. मुद्रितं तपासणाऱ्यालाही हे सांगून ठेवा, नाहीतर तो 12.80 करून टाकेल.

गाव नागपूर जिल्ह्यातलं असेल तर सरकारसारा भरणारा मालगुजार, आणि ही पद्धत 1951 पर्यंत. अमरावती-अकोल्याकडे गेलात की रयतवारी, म्हणजे शेतकरी स्वतःच सरकारला सारा भरतो. वऱ्हाडातल्या वाड्यात मालगुजार बसवलात, तर तिकडचा वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.