'अनियंत्रित' म्हणजे 'झपाट्याने' नव्हे

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय की लेकीच्या पुस्तकात कॅन्सरसाठी 'अनियंत्रित पेशीविभाजन' दिलंय, पेपरात मात्र 'झपाट्याने वाढणाऱ्या पेशी' असं छापून येतं, तर दोन्ही एकच ना? आणि 'दुर्दम गाठ' म्हणजे नक्की काय?

एकच नाही हो ताई, आणि पुस्तकातला शब्दच बरोबर आहे. झपाट्याने वाढणं हा काही कॅन्सरच्या पेशीचा खास गुण नाही. आपल्या आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, केसांच्या मुळाशी आणि बोन मॅरोमध्ये तर विभाजन सतत चालूच असतं, बऱ्याच गाठींपेक्षा जास्त वेगाने. सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीची केमो चालू होती तेव्हा तिने कंगव्यात आलेला केसांचा पुंजका माझ्या हातावर ठेवून विचारलं होतं, रोग छातीत आणि केस का जातायत रे? कारण हेच, केमोची बरीचशी औषधं विभाजन करणारी पेशी गाठतात, ती रोगट का चांगली हे त्यांना कळत नाही.

मग फरक कुठे, तर थांबण्यात. विळीवर बोट कापलं की जखमेच्या कडेच्या पेशी भराभर विभागतात, भेग भरून आली की थांबतात. हा आवर कसा घातला जातो ते कळलं कशावरून, तर पावाच्या यीस्टवरून, मला हे फार मोलाचं वाटतं. लेलँड हार्टवेल यांनी त्या यीस्टवर काम करून 'चेकपॉइंट'ची कल्पना मांडली, पॉल नर्स आणि टिम हंट यांनी विभाजन पुढे नेणारी प्रथिनं शोधली, तिघांना मिळून 2001 चं नोबेल मिळालं. चेकपॉइंटला कुणी 'तपासणी बिंदू' म्हणतं, पण बिंदू कुणाला अडवत नाही, मी सरळ 'नाका' म्हणेन. जकात नाक्यावर कसं, कागद बघितल्याशिवाय ट्रक पुढे सोडायचे नाहीत, तसंच पेशीतही डीएनए कुठे तुटलाय का, त्याची नक्कल पुरी उतरली का, गुणसूत्रं त्यांना पेशीच्या दोन टोकांकडे ओढणाऱ्या धाग्यांना नीट जोडली गेली का, हे बघूनच पुढे जाता येतं. या पहाऱ्यातलं मोठं प्रथिन म्हणजे पी-53, आणि साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचाच जीन बिघडलेला सापडतो. नाका उठला की चुकलेली नक्कल तशीच पुढे जाते, तिच्या लेकी-पेशींत आणखी चुका साठतात, म्हणून तर बहुतेक कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

आता 'दुर्दम'. दम् म्हणजे आवरणं, दमनातला तोच, 'दुर्दम्य आशावाद'मधलाही तोच, म्हणजे आवरायला कठीण. इंग्रजी 'मॅलिग्नंट'च्या मुळाशी दुष्टपणाचा अर्थ आहे, आपल्याकडे 'मारक'ही लिहितात पण त्याने पेशंट उगाच हबकतो, 'दुर्दम' मला जास्त नेमका वाटतो. सौम्य गाठसुद्धा वाढते, कधी चांगली लिंबाएवढी होते, पण आपली हद्द सोडत नाही, दुर्दम गाठ शेजारच्या भागात घुसते आणि तिच्या पेशी रक्तातून, लसिकेतून (लिम्फमधून) लांब जाऊन बसतात.

तेव्हा लेकीला परीक्षेच्या पेपरात 'अनियंत्रित'च लिहू दे, आणि घरी आजीला समजावायचं असेल तर 'बेलगाम' म्हणा, त्यांना लगेच कळेल.