उधाणाचं पाणी अंगणात आलं, ग्रामपंचायतीने काय करायचं?

प्रश्न : नमस्कार सर, मी अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिल्यांदाच निवडून आलेय. दोन पावसाळे झाले आमच्या बंधिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला, खांड पडतेय, बांध फुटतोय, खारं पाणी भातशेतीत घुसतं आणि मोठ्या उधाणाला तर खालच्या आळीत अंगणापर्यंत येतं. सगळे म्हणतात समुद्रच वाढलाय, आपण काय करणार. खरंच एवढीशी ग्रामपंचायत काही करू शकते का?

उत्तर : ताई, करू शकते, आणि तुम्ही विचारलंत याचाच मला खूप आनंद झाला.

समुद्र वाढलाय हे खरंय. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास वीतभर, आणि २००६ ते २०१८ मध्ये तर वेग वर्षाला साधारण ३.७ मिलिमीटर होता. वीतभर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण अमावास्या-पुनवेचं उधाण, त्यात पावसाळी वारा, अशा वेळी बंधिस्तीच्या माथ्यावरून पाणी जाणार की खालीच राहणार हे त्या वितीवरच ठरतं. पण सगळं समुद्रावर ढकलू नका, खेकड्यांची बिळं, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) मोडलेली झडप, वेळेवर न पडलेली माती, यानेही खांड जाते.

आधी एक बघा, तुमची बंधिस्ती सरकारी खारभूमी योजनेत, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून शेती वाचवायच्या योजनेत, आहे की खाजगी? योजनेत असेल तर दुरुस्ती शासनाची, १९७९चा खारभूमी कायदा त्यासाठीच आहे, खाजगी असेल तर ती योजनेत घ्यावी असा ग्रामसभेचा ठराव करा आणि पोच घ्या. आणि हे लवकर करा, कारण खांड तशीच राहिली की शेतात कांदळवन (खारफुटी) उगवतं, मग ते तोडता येत नाही आणि शेतकरी स्वतःच्याच जमिनीत अडकतो. बंधिस्तीच्या बाहेरचं कांदळवन मात्र जीवापाड जपा, लाटेचा जोर तेच मोडतं.

दुसरं काम पूर्ण तुमच्या हातातलं. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरा, कुठल्या वर्षी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं विचारा, भिंतीवर रंगाने खूण करा, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची पण करा, आणि सगळ्या खुणा गावनकाशावर उतरवा. हा नकाशा कुठलीच एजन्सी तुम्हाला करून देणार नाही, ती माहिती फक्त गावाकडेच आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, नकाशांवर हॅझार्ड लाईन (समुद्राचा धोका कुठवर पोचू शकतो ती रेषा) असते तीही मागवा, २०१९च्या अधिसूचनेत ती आपत्ती नियोजनासाठी धरलीय, तिने आपोआप कुठलं बांधकाम थांबत नाही, म्हणून ती वापरायची की नाही हे तुम्हीच ठरवायचंय.

मग पुढचा ग्रामपंचायत विकास आराखडा होईल तेव्हा हा नकाशा टेबलावर ठेवा. नवी अंगणवाडी, पाण्याची टाकी, विहीर, ट्रान्सफॉर्मर, यातलं काहीही खुणेच्या खाली नको, जागा फुकट मिळतेय म्हणून तर अजिबात नको. खालच्या आळीतल्यांना उठवायची भाषा आत्ताच करू नका, लोक घाबरतात आणि मग सभेलाच येत नाहीत, पण गावठाणाला लागून उंचावर जागा कुठे आहे ते आत्तापासून शोधून ठेवा.

एवढं झालं की मला परत लिहा, ठरावाचा मसुदा आपण मिळून करू.