गेमिंगसाठी कन्सोल घ्यावा की संगणक?

प्रश्न : नोकरीमुळे मला रात्री जेमतेम तासभर खेळायला मिळते आणि सुट्टीच्या दिवशी अकरा वर्षांच्या मुलीसोबत खेळावे, अशी फार इच्छा आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर बाकीची कामे होतात, गेम मात्र चालत नाहीत. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, तीन-चार वर्षांत निकामी ठरेल, त्यापेक्षा थोडे पैसे अधिक घालून गेमिंगचा संगणक जुळवून घे, असे मित्र सांगतो. काय करावे?

उत्तर : आपण सांगितलेल्या परिस्थितीत कन्सोलच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्राची काळजी खोटी नाही, पण कन्सोल इतक्या लवकर निकामी होत नाही. सोनीचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल २०१३ साली आला. त्याची पुढची पिढी २०२० मध्ये बाजारात आल्यानंतरही 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'सारखा मोठा गेम २०२२ मध्ये जुन्या यंत्रासाठीही निघाला. लाखो लोकांकडे नेमके तेच यंत्र असल्यामुळे गेम तयार करणारे त्याच्या मर्यादा ओळखून काम करतात. संगणकावर मात्र प्रत्येक नव्या गेमची किमान गरज आपल्या ग्राफिक्स कार्डाशी, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाशी, ताडून पाहावी लागते, ते कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर म्हणजेच ड्रायव्हर अद्ययावत ठेवावे लागतात आणि चित्र अडखळू लागले की सेटिंग्ज बदलत बसावे लागते. ज्याला त्यात गोडी आहे त्याच्यासाठी तो छंदाचाच भाग असतो, परंतु आपल्या हाती असलेला एक तास त्यातच संपू नये, असे मला मनापासून वाटते. आजचे कन्सोल निद्रावस्थेत ठेवले, तर काल जिथे गेम सोडला होता तिथूनच काही क्षणांत पुन्हा सुरू करता येतो. थकून घरी येणाऱ्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे.

खर्चाचा हिशेब मात्र केवळ यंत्राच्या किमतीवर करू नये. कन्सोल कमी नफ्यावर विकून गेम आणि वर्गणीतून कमाई करायची, ही या व्यवसायाची जुनी रीत असल्यामुळे तितक्याच ताकदीचा संगणक बहुधा बराच महाग पडतो. उलट कन्सोलवर विकतचे गेम इंटरनेटवरून इतरांसोबत खेळण्यासाठी वर्गणी भरावी लागते, संगणकावर सहसा ती लागत नाही आणि तिथे गेमवर सवलतीही वरचेवर मिळतात. रोज ऑनलाइन खेळणाऱ्या आणि वर्षाला दहा-पंधरा गेम घेणाऱ्या व्यक्तीला म्हणूनच मी कदाचित उलट सल्ला दिला असता. आपण तर एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर दोन कंट्रोलर घेऊन बसणार आहात.

कोणता कन्सोल घ्यावा, हे गेम पाहून ठरवा. मारिओ आणि झेल्डा या मालिकांचे मुख्य गेम निन्टेन्डो ही कंपनी स्वतःच्याच कन्सोलसाठी काढते आणि मुलीसोबत खेळण्यासाठी मला तोच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. सोनीचे काही मोठे गेम काही काळाने संगणकावर येतात; २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' २०२२ मध्ये आला. मायक्रोसॉफ्टचे बहुतेक गेम तर त्यांचा कन्सोल एक्सबॉक्स आणि संगणक अशा दोन्हीकडे एकाच दिवशी येतात, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी एक्सबॉक्स घेण्याची निकड उरत नाही. सोनी किंवा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल घेतलाच, तर डिस्क चालणारा घ्या. डिस्क मित्राकडून आणता येते, वापरलेली विकत घेता येते; डाउनलोड केलेल्या गेमच्या बाबतीत हे शक्य नसते.

एकाच कारणाने मी माझे मत बदलेन. पुढे मुलीला स्वतः गेम घडवावेसे वाटले, तर तिच्या हाती संगणकच हवा. 'काउंटर-स्ट्राइक' हा गेम १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या गेमच्या चाहत्यांनी त्यात केलेल्या फेरफारांतून जन्माला आला. इतकी मोकळीक कन्सोल देत नाही.

प्रश्न : कन्सोलला माउस आणि कीबोर्ड जोडता येतात का?

उत्तर : प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सला यूएसबीने जोडता येतात, मात्र गेम तयार करणाऱ्यांनी तशी सोय ठेवली असेल तरच ते त्या गेममध्ये चालतात. एज ऑफ एम्पायर्ससारख्या व्यूहरचनेच्या खेळांत माउसची खरी गरज भासते आणि तेच आवडत असतील, तर संगणक घेणे बरे. या दोन्ही कन्सोलचे कंट्रोलर संगणकालाही जोडता येतात.